खाला दारात उभी आहे

दार वाजवणं हा माझा धंदा होता. लोक विचारतात, "सिस्टर, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात होतात?" मी सांगते, हॉस्पिटलात थोडी वर्षं, आणि मग निवृत्त होईपर्यंत दारोदार. मीटरवाला, गॅसवाला, मतं मागणारा आणि मी, अशी आमची जमात. त्या तिघांना लोक शिव्या देत का होईना, पण ओळखतात. मला दार उघडणारी बाई आधी माझे हात बघायची. सुई आहे का, पोलिओचा डबा आहे का? हात रिकामे दिसले की ती जास्तच घाबरायची.

काम सांगायला सोपं होतं. एका संस्थेची व्हॅन, एक डॉक्टरबाई, गाडी चालवणारे दत्तूमामा आणि मी. चिखलीपासून चाकणपर्यंतच्या वस्त्यांमधल्या बायका गोळा करायच्या आणि तीन जागा तपासायच्या: तोंड, छाती आणि गर्भपिशवीचं तोंड. तोंडात टॉर्च मारायचा. छाती हातानं चाचपायची. गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं व्हिनेगर लावायचं आणि थोडं थांबायचं. हो, चायनीजच्या गाडीवर असतं तेच व्हिनेगर, फक्त मापातलं. पांढरा डाग उठला तर पुढच्या तपासण्या. रक्त नाही, सुई नाही, पैसे नाहीत. तरीही बायका यायच्या नाहीत, आणि त्या का येत नाहीत हे शोधून काढणं हीच खरी नोकरी होती.

या धंद्यातला पहिला नियम असा की रोगाचं नाव घ्यायचं नाही. 'तपासणी' म्हणायचं. नाव घेतलं की तो घरात येतो, असं बायका मानतात. दुसरा नियम, प्रश्न कितीही अजब असला तरी हसायचं नाही. एका सासूबाईंनी मला विचारलं होतं, "मशीन छातीचा फोटो काढतं म्हणे. तो फोटो मग बघतं कोण?" मी सांगितलं, डॉक्टर बघतात. "आणि त्यांनी बघितल्यावर ठेवतात कुठं?"

माझ्याकडे मुसलमान वस्त्या आल्या, त्या बाकी कुणाला नको होत्या म्हणून. बरोबरच्या बायका म्हणायच्या, तिथल्या बायका येतच नाहीत. हे निम्मं खोटं होतं, कारण बायका कुठल्याच येत नाहीत. प्राधिकरणातल्या बंगल्यातली बाई "वेळ नाही" म्हणते आणि भंगार गोदामामागच्या खोलीतली "घरात विचारते" म्हणते. दोन्हींचा अर्थ एकच, दार लावून घेते आता.

ज्या वस्तीची ही गोष्ट आहे ती अशाच गोदामांच्या मागे होती. माणसांची नावं मी बदलली आहेत. लातूर, उदगीर, नांदेड या भागातून आलेली कुटुंबं. पुरुष भंगारात, बायका चाकणच्या कंपन्यांमध्ये वायरी जोडायच्या आणि पॅकिंगच्या कामाला. सकाळपासून रिकामी पिंपं ठोकण्याचा आवाज चालू असायचा. त्या आवाजाची इतकी सवय होती की तो थांबला की माणसं घराबाहेर येऊन बघायची, काय झालं म्हणून.

नवीन वस्तीत शिरताना आधी एक बाई हुडकायची असते. जिला कुठल्याही घरात न विचारता जाता येतं अशी बाई. कधी ती सुईण असते, कधी भिशी चालवणारी. मी चहाच्या टपरीपाशी बसून राहायचे आणि बघायचे. अशीच एकदा बसले असताना पिंपांचा ठोका थांबला. गल्लीच्या तोंडाशी एक उंच म्हातारी आली. विटका काळा बुरखा, चेहरा उघडा, हातात कापडी पिशवी. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या, डोक्यावर ओढण्या घेतल्या. एकीनं पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवलं, दुसरीनं लेकराला आत ओढलं. म्हातारी कुणाकडेही न बघता एका घरात सरळ आत गेली. दार वाजवायची तिला गरज पडली नाही.

मी मनात म्हटलं, सापडली.

मशिदीच्या कमिटीतले इक्बालभाई शेजारीच होते. भंगाराचा व्यापार, स्वभावानं सरळ. त्यांना विचारलं, "या कोण?"

"वो हमीदा खाला. सबके घर जाती."

"सगळ्यांच्या?"

"जानाच पड़ता, सिस्टर," ते चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाले. "एक ना एक दिन सबके घर."

मला वाटलं, सगळ्या वस्तीची खाला, म्हणजे मावशी; किती मिळूनमिसळून राहणारी बाई आहे.

खालाला मी गाठलं तेव्हा तिनं माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. तिच्या अंगाला कापराचा वास येत होता. "मी जाऊ बायकांच्या घरी?" ती म्हणाली. "जित्या बायकांच्या?"

म्हातारी माणसं असं काहीबाही बोलतात, म्हणून मी हसले. "हो खाला, जित्याच. मेलेल्यांना तपासून काय करू?"

ती हसली नाही. "हाव," म्हणाली, "जाते की. लई बरं झालं तुमी आलाव."

मी तिला एकच वाक्य शिकवलं होतं. सिस्टरनी बोलावलंय, उद्या सकाळी शाळेत या. एवढंच. खालानं ते आपल्या जिभेवर घोळवून सोपं करून घेतलं आणि शिबिराच्या आदल्या दिवशी दारादारात जाऊन सांगून आली: "बुलावा आया है. कल सुबह."

त्यातच माझ्या लक्षात आलं की तक्ता संस्थेच्या कपाटात राहिला. आपली छाती आपणच कशी तपासायची, ते चित्रांतून दाखवणारा मोठा कागदी तक्ता. उर्दू शाळेच्या खोलीत शिबिर होतं. शाळेत शरीराचा एखादा तरी तक्ता असेल म्हणून मी इक्बालभाईंना फोन लावला.

"भाई, कल औरतों के लिए तक्ता लगेगा. है क्या?"

त्यांनी विचारलं, "औरतों के लिए?"

"हां, औरतों के लिएच."

"घरवालों को मालूम है?"

"सबको बोला है. खाला जाके आई ना."

"है. भेजता मैं," ते म्हणाले, आणि अगदी हळू आवाजात काहीतरी पुटपुटले. मला ते कळलं नाही. माणूस मोठा अदबशीर, एवढंच मनात आलं.

सकाळी आमची व्हॅन वस्तीत शिरली तेव्हा पिंपांचा आवाज नव्हता. दारं बंद. ओट्यावर कुणी नाही. एक कुत्रं तेवढं व्हॅनच्या मागं आलं आणि शाळेच्या फाटकाशी येऊन थांबलं. शाळेच्या खोलीत तक्ता नव्हता, पण मधोमध एक लांब लाकडी फळी मांडलेली होती. आखूड पायांची, काळपट, हात फिरवला तर गुळगुळीत. एका बाजूला किंचित उतार आणि मधून एक पन्हाळ. लोकांनी आपणहून तपासायचं टेबल दिलं म्हणून मला कौतुक वाटलं. एरवी दोन बाकं जोडून भागवावं लागतं.

दत्तूमामा मावळातले. त्यांनी फळीला प्रदक्षिणा घातली. "ताई, ह्ये कसलं टेबल म्हनायचं? पानी व्हऊन जायला केल्यागत हाय. हितं कायतरी येगळंच हाय बगा."

"मामा, तुम्ही पडदे लावा," मी म्हटलं.

चारही बाजूंनी आमचे पडदे लागले. फळीवर मी पांढरी चादर अंथरली. डॉक्टरबाईंचे हात नेहमी गार असायचे, म्हणून बादलीत कोमट पाणी ठेवलं, शेजारी हातमोजे आणि कापसाचं बंडल. सगळं मांडून झालं आणि खाला आली. पडदा सारून ती आत शिरली, फळीच्या डोक्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि सवयीनं तिनं बाह्या वर सारल्या. मग एकदम भानावर आल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली.

"सिस्टर, तुमाला हे असं मांडायला कुणी सांगितलं?"

"शिबिर असंच मांडतात खाला."

तिनं पाण्यात बोट बुडवून बघितलं. "पानी बी कोमटच," ती स्वतःशी म्हणाली, आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

दुपार होत आली तरी एकही बाई आली नाही. डॉक्टरबाई आदल्या दिवशीच्या ड्यूटीनं दमल्या होत्या. त्या म्हणाल्या, मी जरा पाठ टेकते, आणि त्या फळीवर आडव्या झाल्या. ऊन आलं म्हणून चादरीची कड तोंडावर ओढून घेतली. खाला कोपऱ्यातून त्यांच्याकडे एकटक बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते मला त्या वेळी वाचता आलं नाही.

थोड्या वेळानं बाहेर चपलांचे आवाज आले. मी आनंदानं उठले. पण बाहेर बायका नव्हत्या. पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष होते, माना खाली घालून, एकामागून एक येऊन भिंतीला लागून उभे राहणारे. सगळ्यांच्या पुढे इक्बालभाई.

"सिस्टर," ते अगदी हळू म्हणाले, "मय्यत किसकी है?"

माझ्या मागं पडद्याला खिडकीतलं ऊन होतं. बोलण्याच्या आवाजानं डॉक्टरबाई जाग्या झाल्या. पडद्यावर सगळ्यांना दिसलं ते एवढंच, की फळीवरची पांढरी आकृती सावकाश उठून बसली.

पुढं काय झालं ते सांगत नाही. दत्तूमामांनी व्हॅनच्या काचा वर करून घेतल्या होत्या आणि नंतर कितीतरी दिवस ते त्या वस्तीतलं पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

मराठीतल्या तक्त्यात आणि उर्दूतल्या तख्त्यात फरक म्हणाल तर एका अक्षराचा. मी मागितला तक्ता, त्यांनी दिला तख्ता, ज्यावर मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ घालतात. कोमट पाणी, पडदा, पांढरी चादर, कापूस, सगळं मी माझ्या हातानं त्यावर मांडलं होतं. आणि बायकांना बोलवायला मी जिला पाठवलं होतं, ती हमीदा खाला त्या वस्तीतल्या मेलेल्या बायकांना आंघोळ घालणारी बाई होती. ती आली की गल्ली का गप्प होते ते मला तेव्हा कळलं. ती दारात उभी राहून "बुलावा आया है" म्हणाल्यावर आतल्या बाईचं काय झालं असेल, याचा विचार मी आजही फार करत नाही.

संस्थेत सगळे पोट धरून हसले आणि मग म्हणाले, त्या बाईला काढा, दुसरी बघा. मीही तेच ठरवलं होतं. तेवढ्यात नसरीन भेटली.

नसरीन चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायची. पस्तिशीची, चटपटीत, दोन मुलींची आई. मोठी बहीण शबनम आदल्या वर्षी वारली होती आणि तिची मुलंही हिच्याच घरी होती. कंपनीची बस थांबते तिथं तिनं मला गाठलं.

"सिस्टर, खालाला सांगा, माझ्या दारात यायचं नाही."

"आता कशाला येते? शिबिर तर संपलं."

"रोज येते. मी ड्यूटीवरून आले की दारात उभी. बोलत नाही. पानी दिया तो पीती नहीं. नुसती बघते." तिनं इकडंतिकडं पाहिलं. "मी जेवत नाही सिस्टर. झोप येत नाही. सब लोग बोलते, खालाने तुझा दिन देख लिया."

"बघते म्हणजे कुठं बघते?"

नसरीनचा हात ओढणीवरून डाव्या बाजूला गेला आणि पटकन खाली आला. दारं वाजवून वाजवून मला एवढं शहाणपण आलं होतं की तोंड लपवतं ते हात सांगतो. नुसत्या भीतीनं हात असा नेमक्या जागी जात नाही.

खाला मला गोदामांच्या मागं सापडली. बोरीच्या झाडाखाली उभी राहून पाला काढत होती. मय्यतीच्या आंघोळीच्या पाण्यात तो उकळतात. भर दुपार होती आणि सावलीत ती एकटीच, पिशवीत पानं टाकत.

"खाला, त्या पोरीनं अन्नपाणी सोडलंय. कशाला उभ्या राहता तिच्या दारात?"

"मी तिला काय बी मनलं नाही."

"तेच तर. काही बोलत का नाही?"

खालानं पाला काढायचं थांबवलं. "बाई, मुडद्याला न्हाऊ घालताना जे दिसंल ते तिथंच सोडून यायचं असतंय. अंगावर काय हाय, काय नाही, कुणाला सांगायचं नसतंय. अमानत हाय ती. घरच्याला बी नाही, सख्ख्या भनीला बी नाही."

'सख्ख्या भनीला' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. शबनमला कशानं मरण आलं ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कमजोरी होती, अंगात रक्त नव्हतं, एवढंच सांगायचे. शबनमला शेवटची आंघोळ खालानं घातली होती.

"शबनमला…" मी सुरुवात केली.

"मी कुणाचं नाव घेतलं नाही," खाला म्हणाली. "मला बोलायची बंदी हाय. उभं राहायची बंदी नाही."

मग ती परत पाला काढायला लागली. माझ्याकडे पाठ करून, हळूच म्हणाली, "लई बायका बगितल्या बाई मी. झाकून ठिवलेल्या. चिंध्या बांधलेल्या. कुणाला सांगू? मुडदे मोजून काय उपेग? तुमी जित्या बायकांकडं पाठीवलं, तवा वाटलं, अल्लानं रस्ता काढला."

इतकी वर्षं मी आकडे भरत होते, अमुक घरं झाली, तमुक राहिली. या बाईच्या हातांनी काय काय पाहिलं होतं, आणि ते सगळं ती एकटीनं वागवत होती. मला तिची भीती वाटली आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल वाईट वाटलं.

आता अडचण अशी की मलाही बोलता येत नव्हतं. खालानं मला काही सांगितलंच नव्हतं. पण बहिणीला तो आजार असेल तर धाकटीला धोका जास्त, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पान आहे. व्हॅन आणि डॉक्टरबाईंना गल्लीच्या तोंडाशी थांबवून मी खालाला घेऊन नसरीनच्या खोलीवर गेले. ती आम्हाला बघून भिंतीला टेकली. मुलींना तिनं शेजारी पाठवून दिलं.

मी म्हटलं, "नसरीन, खाला तुला न्यायला आलेली नाही. परत आणायला आली आहे."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. "खाला," ती म्हणाली, "मेरी आपा को छाती में था क्या?"

खाला हंड्याकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी पिंप ठोकत होतं. खाला हो म्हणाली नाही. मान हलवली नाही. पापणीसुद्धा हलवली नाही. नसरीन वाट बघत होती, मीही वाट बघत होते. नसतं, तर खाला "नाही बेटा" म्हणून मोकळी झाली असती. तेवढं म्हणायला तिला कुणाची बंदी नव्हती.

नसरीनला ते माझ्याआधी कळलं. तिनं खुंटीवरचा बुरखा काढला. "चलती मैं," ती म्हणाली. "लेकिन खाला, तुम मेरेकू हात नक्को लगाना."

खालानं आपले दोन्ही हात बुरख्याच्या आत घेतले आणि चालायला लागली. पुढं खाला, मागं नसरीन, तिच्या मागं मी. पिंपांचा ठोका थांबला. दारादारांत बायका उभ्या. खालाच्या मागून जिवंत बाई चालत जाताना त्या वस्तीनं कधी पाहिली नव्हती. कोपऱ्यावरची एक म्हातारी रडायलाच लागली. नसरीन सरळ समोर बघत होती, पण तिचे ओठ सारखे हलत होते. व्हॅनपाशी आलो तेव्हा दत्तूमामांनी दार उघडलं आणि खालाला पाहून आधी आपल्याच देवाचं नाव घेतलं.

डॉक्टरबाईंच्या हाताला गाठ लागली. लहान होती. मोठ्या हॉस्पिटलात पुढचं सगळं झालं, ऑपरेशन, औषधं, केस जाणं, उलट्या, नवऱ्याची ओव्हरटाइमची धावपळ. ते दिवस कसे गेले ते नसरीननंच कधीतरी सांगावं. पण त्याच्या आधीच, पहिल्या तपासणीच्या संध्याकाळी, ती गल्लीत परत आली होती. आपल्या पायांनी, हातात भाजीची पिशवी घेऊन. वस्तीनं ते पाहिलं.

खालाच्या मागं गेलेली बाई परत येते, हे एकदा डोळ्यांनी बघितल्यावर माझं काम निम्मं झालं. पुढच्या शिबिराला बाकं कमी पडली. मी कितीही गोड बोलले असते तरी जे जमलं नसतं ते एका पालेभाजीच्या पिशवीनं केलं.

मग खाला आमच्याबरोबर राहिली ती राहिलीच. तिची पद्धत बदलली नाही. कधीतरी कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहायची, एक शब्द न बोलता. हेच दार का, हे मी तिला कधी विचारलं नाही. आतल्या बाईलाही विचारायची हिंमत नसायची. ती मुकाट्यानं चप्पल घालायची. कधी काही निघायचं, पुष्कळदा काहीच निघायचं नाही. आणि निघालं नाही की खाला इतकी खूश व्हायची की आम्हा सगळ्यांना तिच्याकडून चहा मिळायचा.

मी दर शिबिरात तिला म्हणायचे, "खाला, आता तुम्ही आडव्या व्हा. तुमचा नंबर." ती म्हणायची, "मला कोण बोलवणार बाई? मीच तर बोलवणारी." सगळ्या हसायच्या. शेवटीशेवटी ती डाव्या हातानं बादली उचलायची नाही. विचारलं तर म्हणायची, हाडं म्हातारी झाली. तिच्या हाताखाली नसरीन आंघोळ घालायला शिकत होती. मला नवल वाटलं, पण नसरीन म्हणाली, "मैं तो एक बार उसके पीछे जाके आई, सिस्टर. आता कशाची भीती?"

मी निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात इक्बालभाईंचा फोन आला. "सिस्टर, खाला का बुलावा आ गया."

मी गेले तेव्हा खालाच्या घरामागं पडदे लागले होते. तोच तख्ता असणार. आत नसरीन आणि दोघी बायका. बाहेर मी खालाच्या लेकीशेजारी बसले होते. रुखसाना तिचं नाव, तळेगावला शिलाईचं काम करते, मोठी मुलं आहेत. कापराचा आणि बोरीच्या पाल्याचा वास येत होता. पाणी पडण्याचा आवाज येत होता, सारखा, एका लयीत.

मग आवाज थांबला.

आत कुणी बोललं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा वाजला नाही. रुखसाना ओढणी तोंडात धरून रडत होती, तिच्या ते लक्षात आलं नाही. मी नर्स आहे. पाणी मधेच का थांबतं, हे मला कळायला नको होतं, पण कळलं. तो डावा हात, ती बादली, ते दर वेळचं हसणं, सगळं एकदम समोर आलं. इतक्या बायका तिनं माझ्यापुढं आणून बसवल्या आणि मला तिला एकदासुद्धा तपासता आलं नाही. याइतकं वाईट मला नोकरीत दुसऱ्या कशाचं वाटलं नाही.

पाणी परत सुरू झालं. नसरीन बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. मी तिच्याकडे बघितलं. तिनं नजर खाली घेतली. रुखसानाला जवळ घेऊन ती एवढंच म्हणाली, "आपा, खाला का चेहरा बहुत अच्छा हो गया."

आणखी काही मला कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे मीही इथं काही सांगितलेलं नाही.

महिन्याभरानं रुखसानाचा फोन आला. आवाज घाबरलेला. "सिस्टर, ती नसरीन. कामावरून सुटली की लोकलनं तळेगावला येते. माझ्या दारात उभी राहते. बोलत नाही. चहा घेत नाही. नुसती बघते नि जाते. काल पण आली. आता पण उभी आहे. तिला काय पाहिजे?"

तिकडं मशीन चालू असल्याचा आवाज येत होता, तो तिनं बंद केला.

"रुखसाना," मी म्हटलं, "तिला काही विचारू नकोस. ती सांगणार नाही. चप्पल घाल आणि तिच्या मागं ये. मी चिंचवड स्टेशनवर थांबते."

"पण कुठं जायचंय? बोलावलंय कुणी?"

"तुझ्या अम्मीनं," मी म्हटलं.